रहांगडाले सरांची सपरी

रहांगडाले सर गेल्याचं कळलं तेव्हा शाळेत परिपाठ चालू होता. मुलं प्रतिज्ञा म्हणत होती आणि माझ्या पर्समधला फोन सारखा थरथरत होता. परिपाठात फोन घ्यायचा नाही, हा सरांनीच मुख्याध्यापक असताना घालून दिलेला नियम, म्हणून मी तो घेतला नाही. प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला, बातम्या झाल्या, मुलं रांगेनं वर्गात गेली आणि मग मी फोन पाहिला. टेंभरे काकूंचे मिस्ड कॉल होते. या काकू गोंदियाजवळच्या गोरेगावात सरांच्या अगदी भिंतीला भिंत लावून राहतात. मी फोन लावला तर त्या रडतही नव्हत्या. "मॅडम, सर गेले न आपले... खुर्चीवर बसल्या बसल्याच," एवढंच बोलल्या आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. मी कुडव्याहून रोज स्कूटीनं येते, आणि आमच्या शाळेच्या गावाला गोरेगाव ओलांडूनच यावं लागतं. त्या सकाळीही सरांच्या गल्लीच्या तोंडाशी मी वेग कमी केला होता, गल्लीत एक नजर टाकली होती आणि परिपाठाला उशीर नको म्हणून पुढे निघाले होते. सर नेमके किती वाजता गेले, हे काकूंना विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

माझी या शाळेत बदली झाली तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते. गोंदिया शहरात वाढलेली, अर्धी हिंदी अर्धी मराठी बोलणारी, तोंडानं फटकळ. सोबत रंगीत तक्ते, चित्रं, कार्डं यांची एक मोठी पिशवी होती. पहिला आठवडाभर सर माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसत आणि काही न बोलता उठून जात. शनिवारी शाळा सुटल्यावर म्हणाले, "मॅडम, तुमी लय छान शिकवता. पण जरा जास्तच शिकवून राहिल्या." मला राग आला. मी म्हटलं, "सर, शिकवायचाच पगार मिळतो ना?" त्यावर ते मनापासून हसले. पोवार समाजातल्या शेतकरी घरातला हा माणूस, सकाळी बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, चक्कर टाकून शाळेत येणारा; त्यांच्या पँटच्या कडेला पावसाळाभर चिखलाचे शिंतोडे असत. मला वाटलं, यांना नवीन पद्धतींमधलं काय कळणार! तो समज त्यांनी मला काही न सुनावता, महिनाभरात मोडून काढला.

आमच्या शाळेला सातवीपर्यंत वर्ग आहेत आणि वर्गांपुढे लांबच लांब सपरी आहे, म्हणजे छप्पर असलेला व्हरांडा. दुसऱ्या कुठल्याही शाळेत सपरीत बसवणं ही शिक्षा असते. सरांच्या सातवीत ती बढती होती. दिवाळीनंतर सर एकेका मुलाला पारखायला घेत. अजून न शिकवलेला एखादा धडा किंवा गणिताचा एखादा भाग त्याला देत, थोडा वेळ एकट्याला वाचू देत आणि मग एकच प्रश्न विचारत, "यातलं काय नाही समजलं?" काय समजलं हे ते कधीच विचारत नसत. कुणी म्हणालं, "सर, सगळं समजलं," तर सर म्हणत, "बरं, मग आतच बस." कुणी म्हणालं, "काहीच नाई समजलं," तरी आतच बस. पण एखादं पोरगं पुस्तकावर बोट ठेवून सांगायचं, "सर, इथपर्यंत येते. इथून पुढे हे वजाबाकी काऊन केली, ते नाई कळलं." मग सर त्याला उत्तर सांगत नसत. त्याचं दप्तर स्वतः उचलून सपरीत नेऊन ठेवत. त्या दिवसापासून त्या विषयाच्या तासाला तो मुलगा बाहेर बसून आपला आपण शिकणार, आणि अडलं तरच आत येणार. सरांचं म्हणणं सोपं होतं. आपलं कुठे अडतंय हे ज्याला नेमकं सांगता येतं, तो एकट्यानं शिकायला तयार झाला. बाकी मार्क किती, पाठांतर किती, हे सगळं नंतरचं.

सुरुवातीला याचे तमाशेही झाले म्हणे. एक बाप कापणीचा विळा हातात घेऊन तसाच शाळेत आला होता, "सर, माह्या पोरीले बाहेर कायले बसवलं? काय केलं तिनं?" सरांनी त्याला पोरीजवळ नेऊन बसवलं आणि म्हणाले, "तिलेच विचार." पोरीनं बापाला अपूर्णांक समजावून सांगायला सुरुवात केली आणि बाप पाच मिनिटांत काम आठवून निघून गेला. पुढे पुढे तर बाजाराच्या दिवशी बायका एकमेकींना विचारू लागल्या, "तुह्या पोराची सपरी झाली का वं?" जणू लग्नच ठरायचं होतं! तपासणीला आलेले एक साहेब हे सगळं पाहून खूश झाले आणि म्हणाले, "वा सर, म्हणजे हे तुमच्या धानाच्या रोवणीसारखंच. पऱ्हे तयार झाले की उपटून बांधीत लावायचे." साहेबांना वाटलं, शेतकरी माणूस खूश होईल. सर म्हणाले, "नाई साहेब. पऱ्हे बोलत नाई. पोरगं बोलते. त्याले विचारता येते." साहेबांनी चहा संपवला.

मला मात्र सपरीचा अर्धाच भाग आवडला होता, हे आता कळतं. मुलं बाहेर शांत बसून शिकतात, आत वर्ग हलका होतो, कच्च्या मुलांकडे लक्ष देता येतं, हे मला पटलं होतं. पण सर दर तासाला काहीतरी निमित्त काढून बाहेर चक्कर मारत आणि प्रत्येकाजवळ उकिडवे बसत, ते मला उगाच वाटायचं. एकदा मी बोललेही, "सर, तुम्हीच त्यांना सोडलं आणि तुम्हीच मागे मागे फिरता. अडलं तर येतील ना आत." त्या वर्षी विलास नावाचा एक मुलगा सपरीत होता. कधी आत यायचा नाही, एक शंका नाही, काही नाही. मी त्याचं कौतुक करत होते. सर त्या दिवशी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. विलासच्या घरी तेव्हा आई आजारी होती. तो कित्येक दिवस एकाच पानावर बसून होता. सरांनी त्याचं दप्तर उचललं आणि आत आणून आपल्या टेबलाला लागून ठेवलं. माझ्याकडे पाहून रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "सपरी एकदा झाली म्हणजे झाली, असं नसते मॅडम. रोज पाहा लागते." मी मान डोलावली. मान डोलावणं मला फार चांगलं जमतं.

सर निवृत्त झाले त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या पत्नी गेल्या होत्या. मुलगा सुधीर पुण्याला नोकरीत. तो सारखा म्हणायचा, बाबा, इकडे या. सर एकदा जाऊन राहिलेही आणि पंधरवड्यात परतले. म्हणाले, तिथं खिडकीतून दुसऱ्याची खिडकीच दिसते. गोरेगावातल्या घरात ते एकटे राहू लागले, शेत भावाकडे कसायला दिलं, आणि सातवी माझ्याकडे आली. सपरीही आली. मग आमचा एक रिवाजच पडला. संध्याकाळी माझा स्वयंपाक होत आला की सरांचा फोन यायचा. मी मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि कणीक मळता मळता बोलायची. कोणत्या पोराला काय दिलं, तो काय म्हणाला, त्याला बाहेर पाठवावं की नाही. सर बारीक बारीक विचारत. "लगेच म्हणाला का विचारात पडून म्हणाला?" असंही विचारत. माझा नवरा चिडवायचा, "तुझी रोजची परीक्षा चालू झाली वाटतं." मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. एवढा मोठा शिक्षक रोज आपल्या वर्गाची चौकशी करतो, याचा मला गर्व होता. आणि फोन ठेवताना मी न चुकता विचारायची, "सर, तब्येत?" ते म्हणायचे, "सगळं ठीक." मी म्हणायची, "चला मग, ठेवते."

सगळं ठीक! त्यांच्या वर्गातल्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर सरांनी त्याला आतच बसवलं असतं. ज्या माणसाकडून मी तो एक प्रश्न शिकले, त्या माणसाला तो विचारावा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी रोज मुलांना विचारत होते आणि संध्याकाळी त्यांची उत्तरं सरांना ऐकवत होते, आणि फोनच्या त्या टोकाला बसलेल्या माणसाचं "सगळं ठीक" मी भाजीत मीठ टाकता टाकता पास करत होते. यंदाच्या पावसाळ्यापासून ते बोलताना मध्येच थांबायला लागले होते. वाक्य अर्धं व्हायचं, मग काही क्षण काहीच नाही... मग उरलेलं वाक्य. मला वाटायचं रेंज जाते. "सर, आवाज कटतोय, जरा अंगणात या ना," असं मी त्यांना किती वेळा म्हटलं असेल! आणि तेही "बरं, पाहतो" म्हणायचे. त्यांना धाप लागत होती, हे मला कुणीतरी सांगावं लागलं, तेही ते गेल्यावर.

शेवटची भेट दिवाळीच्या सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी झाली. शाळेतून परतताना मी फराळाचा डबा द्यायला गल्लीत शिरले. सर दारातच खुर्ची टाकून बसले होते. चेहरा थोडा सुजल्यासारखा वाटला, पण मी मनाशी म्हटलं, झोप झाली असेल दुपारची. मी स्कूटी बंदसुद्धा केली नाही. बसल्या जागेवरून डबा पुढे केला. तो घ्यायला ते उठले नाहीत, हात लांब करून घेतला. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "सर, रिटायर होऊन फारच आळशी झालात हो तुम्ही! उठवतसुद्धा नाही आता!" ते हसले. "होय न," म्हणाले. मग म्हणाले, "चहा घेता का? तुमालाच करा लागेन, पण." मी घड्याळ पाहिलं. "पुढच्या वेळी, सर." त्यांनी हात हलवला, "जा, जा, अंधार होईन." तुम्हालाच करावा लागेल म्हणाले, तेव्हा तरी मी उतरायला हवं होतं. ज्या माणसानं मला आयुष्यात कधी चहाचा कपही विसळू दिला नाही, तो मला चहा करायला सांगत होता! मुलाच्या तोंडातून निघालेला एकेक शब्द मी पारखायची, आणि हे वाक्य मी स्कूटीच्या आवाजात ऐकून सोडून दिलं. घरी येऊन त्या संध्याकाळीही मी फोनवर त्यांना आळशी म्हणून आणखी एकदा चिडवलं.

ते गेले त्या दिवशी मी शाळेतून तशीच गोरेगावला गेले. अंगणात माणसं जमली होती. सुधीर पुण्याहून निघाला होता, त्याची वाट पाहणं चालू होतं. कुणीतरी मला खुर्ची दिली, मी बसले. प्लास्टिकची साधी खुर्ची, घरातूनच आणलेली. इतर तीन माणसंही तशाच खुर्च्यांवर बसली होती. थोड्या वेळानं टेंभरे काकू बाहेर आल्या, त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं आणि त्यांचा तोल सुटला. "थ्या खुर्च्या काऊन उचलल्या? सरानं ठेवल्या होत्या त्या तिथं!" मला काही कळेना. त्या मला हाताला धरून आत घेऊन गेल्या. सरांचा पलंग पुढच्या खोलीत, आणि न्हाणीघर मागे, स्वयंपाकघराच्या पलीकडे. फार लांब नाही, साधं घर आहे. पण सर पलंगापासून तिथपर्यंत एका दमात जाऊ शकत नव्हते. म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्या खुर्च्या वाटेत मांडून ठेवल्या होत्या. एक दाराशी, एक देवघरापाशी, एक ओट्याला लागून, एक मोरीच्या आधी. जिथे जिथे दम संपतो, तिथे खुर्ची. कुठपर्यंत येतं आणि कुठे अडतं, हे त्यांनी नेहमीच्या नेमकेपणानं मांडून ठेवलेलं होतं, फक्त विचारायला कुणी आत आलं नव्हतं. ओट्याला लागून असलेल्या खुर्चीवर काकूंना ते सकाळी दिसले, खांद्यावर टॉवेल तसाच. अंगणात मला दिलेली खुर्ची नेमकी कोणती होती, ते मला माहीत नाही.

मी काकूंना विचारलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही?" थोडं रागावूनच विचारलं, कारण स्वतःवरचा राग कुठेतरी काढायचाच होता. काकू साध्या आहेत, त्यांच्या पोटात एक आणि ओठात एक नसतं. त्या म्हणाल्या, "मले का माहीत तुमाले माहीत नाई? तुमी त रोज बोलत होत्या न फोनवर." नंतर दिवसांच्या वेळी सुधीरनंही तेच ऐकवलं, फक्त प्रेमानं. दहाव्याला सगळे घाटावरून परतल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मॅडम, मीही रोज फोन करायचो. ते म्हणायचे, सगळं ठीक, मॅडम आहेत ना जवळ. तुम्ही होतात म्हणून मी निर्धास्त होतो." त्याला धाय मोकलून रडायचं होतं, आणि मला त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "सुधीर, मी एकदाही आत गेले नाही रे." त्याला वाटलं मी दुःखानं काहीतरी बोलते आहे. तो माझीच समजूत घालायला लागला.

सर दवाखान्यात का गेले नाहीत, त्यांनी मुलाला का सांगितलं नाही, यावर लोक बरंच बोलले. हट्टी होते, स्वाभिमानी होते, कुणाला त्रास द्यायचा नव्हता, वगैरे. असेलही. मला त्यांना दोष देऊन मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण शिकणाऱ्यानं विचारायला हवं, ही सपरीची अर्धी बाजू. शिकवणाऱ्यानं उठून जाऊन विचारायला हवं, ही उरलेली अर्धी, आणि ती मला सरांनी हाताला धरून दाखवली होती. म्हणून माझी सुटका नाही. माझा नवरा म्हणतो, तू काय डॉक्टर होतीस? नव्हते. पण प्रश्न विचारायला डॉक्टर कशाला लागतो?

या सगळ्याचा परिणाम वर्गावर झाला. दिवाळी होऊन किती दिवस लोटले, धान मळून घरात आलं, पण या वर्षी मी एकाही मुलाला सपरीत पाठवलं नाही. त्यांना न शिकवलेला धडा देते, प्रश्न विचारते, ती नेमकं बोट ठेवून सांगतात, आणि तरी मी म्हणते, बघू पुढच्या आठवड्यात. सगळ्यांना डोळ्यांसमोर बसवून ठेवते आणि शिकवत सुटते. सर म्हणायचे तसं, जास्तच शिकवते. सकाळी सपरीत छान ऊन पडलेलं असतं आणि तिथे कुत्रं झोपलेलं असतं. सहकारी शिक्षक विचारतात, मी थंडीचं कारण सांगते.

गेल्या आठवड्यात खुशीनं मला धरलं. खुशी सातवीतली सगळ्यात धीट पोरगी. वडील आमगावकडे गाडी चालवतात, बोलणं त्यांच्यासारखंच सडेतोड. तिला मी तिसऱ्यांदा पुढच्या आठवड्याचा वायदा दिला तेव्हा ती जागेवर बसलीच नाही. म्हणाली, "मॅडम, एक विचारू? सर गेले म्हून तुमी आमाले सपरीत सोडून नाई राहिल्या का?" मला रागावताही येईना आणि खोटंही बोलता येईना. मी तिचं दप्तर उचललं आणि सपरीत नेऊन भिंतीपाशी ठेवलं. ती आली, मांडी घालून बसली, पुस्तक उघडलं. मी तिथेच उभी राहिले. आत वर्गात गोंगाट सुरू झाला तरी माझा पाय निघेना. तिनं दोनदा मान वर करून पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, तुमी आत जा न. तुमी अशा उभ्या राहिल्या त मले वाचताच येत नाई. अडलं त मी येईन."

मी म्हटलं, "आणि नाही आलीस तर?"

तिनं बोट पानावर तसंच ठेवून मान वर केली.

"त तुमी या."